टेली-मानसचा फोन की जिल्हा रुग्णालयाची ओपीडी?

रात्री दोनला जीव नकोसा होतो तेव्हा ओपीडी बंद असते, १४४१६ हा फोन नंबर चालू असतो. मानसिक त्रासात फोनवर मदत देणारी केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. आधी समुपदेशक ऐकून घेतात, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात.

ओपीडीत केसपेपरच्या रांगेत शेजारच्या काकू भेटतात. ‘काय गं, तू इथं कशी?’ या एका प्रश्नाच्या धाकानं माणसं दारातून परत फिरतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. कारण काकूंना तुम्ही दिसलात तरी, २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३नुसार उपचार करणाऱ्यांवर उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. शिवाय समोरासमोर तपासणी, गोळ्या, पुढची तारीख हे ओपीडीतच नीट होतं.

फोनलाही आडोसा लागतोच. दोन खोल्यांच्या घरात तो कुठला? गच्चीवर जा, पण बोला.

माझं मत: सुरुवात फोननं करा, झोप-जेवण कित्येक दिवस बिघडलं असेल तर ओपीडी गाठाच. जिवाला आत्ताच धोका असेल तर मात्र थेट ११२ लावा, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.