कालमध्ये जाऊन आणायचा रिमोट: नाटक, सिनेमा की अ‍ॅनिमे?

मराठीत ‘काल’ म्हणजे काळही आणि आदला दिवसही. ‘समर टाइम मशीन ब्लूज’ या जपानी नाटकाची सगळी गंमत या दोन अर्थांच्या मधल्या फटीत आहे. ऐन उन्हाळ्यात कॉलेजच्या विज्ञानकथा मंडळाच्या खोलीतल्या एसीचा रिमोट बिघडतो आणि समोर चक्क कालयंत्र येऊन उभं राहतं. डायनोसॉर बघायचे सोडून ही पोरं जातात कुठे, तर काल. का, तर धडधाकट रिमोट उचलून आणायला. मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडतो: काल रिमोट उचलला, तर तो बिघडला कसा? आणि बिघडलाच नाही, तर आपण तो आणायला गेलो कशाला? तिथून पुढे सगळी धावपळ चालते ती काल होता तसाच ठेवण्यासाठी.

क्योतोच्या ‘युरोप किकाकु’ नाट्यसंस्थेसाठी माकोतो उएदाने हे नाटक 2001मध्ये लिहिलं. कात्सुयुकी मोतोहिरोचा सिनेमा 2005चा, पटकथा उएदाचीच. 2020मध्ये तोमिहिको मोरिमीने याच कथानकात आपल्या जुन्या कादंबरीतली पात्रं आणून बसवली. त्या नव्या कादंबरीवर 2022मध्ये ‘ततामी टाइम मशीन ब्लूज’ ही सहा भागांची अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका आली आणि पटकथा फिरून उएदाकडेच. म्हणजे कोडं तिन्हीकडे एकच आहे, आणि कोडं पहिल्यांदा एकदाच सुटतं. त्यामुळे सुरुवात कशाने करता, याला महत्त्व आहे.

नाटकाचं बळ एका खोलीत आहे. नेपथ्य तेच, त्यातच कालही घडतो आणि आजही. पात्र विंगेत गेलं की ते कोणत्या दिवसात गेलं, याचा हिशेब प्रेक्षकाने ठेवायचा. एक नट एका वेळी दोन जागी उभा राहू शकत नाही ही खरं तर रंगमंचाची अडचण; पण जिथे कालच्या स्वतःच्या नजरेला पडायचं नाही अशीच धडपड आहे, तिथे ती पथ्यावर पडते. मला तरी ही कल्पना नाटकाचीच वाटते, बाकी दोन्ही तिची बिऱ्हाडं. अट एकच: जपानी कळायला हवं, कारण विनोद संवादांच्या वेगात आहे.

सिनेमा खोलीबाहेर पडतो. बेसबॉल, सार्वजनिक स्नानगृह, रस्ते. सुरुवातीचा बराच भाग विस्कळीत वाटतो: कुणी भलतंच बोलतं, वस्तू गायब होतात, कशाचीच संगती लागत नाही. कंटाळून बंद करू नका. प्रत्येक फुटकळ गोष्टीची वसुली नंतर होते, आणि तेच प्रसंग दुसऱ्या बाजूने बघताना जे हसू येतं ते नाटकात निम्मं कल्पनेवर सोडावं लागतं. एइता आणि जुरी उएनो या प्रमुख कलाकारांमधलं प्रेमप्रकरण मात्र पातळ आहे.

अ‍ॅनिमेत ते घट्ट झालंय. इथे मंडळ जाऊन क्योतोतलं मोडकळीला आलेलं वसतिगृह येतं, आणि निनावी नायकाची अखंड, भरधाव बडबड. त्याला आकाशी या त्याच्या आवडत्या मुलीला पंचपर्वतांवरच्या अग्नी-उत्सवाला घेऊन जायचंय, पण ती म्हणते, कुणाबरोबर तरी जायचं ठरलंय. हा ‘कुणी’ कोण, हा प्रश्न रिमोटपेक्षा जास्त ओढून धरतो. पण या पात्रांची खरी मजा 2010ची ‘ततामी गॅलेक्सी’ ही त्यांचीच आधीची मालिका पाहिलेल्यांना. न पाहता गोष्ट कळते, पण नायकाचा मित्र ओझूचा खट्याळपणा पुरता मुरत नाही.

तेव्हा कोड्याची आवड असेल तर आधी सिनेमा. माणसांत जीव गुंतत असेल तर आधी ‘ततामी गॅलेक्सी’, मग लगेच अ‍ॅनिमे, आणि सिनेमा वर्षभराने, थोडं विसरल्यावर. नाटक शेवटी बघितलं तरी नुकसान नाही. तोवर उत्तर ठाऊक असतं आणि लक्ष सगळं विंगेच्या दाराकडे राहतं.