फोर्टमधला वकिली सल्ला: चार तारे

धाकट्या बहिणीला टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, 82 गुण. राखीव प्रवर्गाला 150 पैकी 55 टक्के, म्हणजे साडेब्याऐंशी हवेत. पेपरात अर्धा गुण मिळतच नाही! हुतात्मा चौकाजवळच्या या वकीलबाईंनी आधी उत्तरसूची मागितली, मग एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) 11 फेब्रुवारी 2011 ची मार्गदर्शक तत्त्वं उघडून दाखवली. तमिळनाडूत राखीव प्रवर्गाला टीईटीच्या पात्रता गुणांत दिलेली सवलत सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये वैध ठरवली, पण ती दिली होती सरकारने. कोर्ट स्वतःहून गुण खाली आणेल या आशेवर राहू नका, असं स्पष्ट बजावलं. उगाच रिट याचिका गळ्यात मारली नाही. फी आधी सांगतात, पावती देतात. एक तारा कापला तो जिन्यासाठी: लिफ्ट बंद आणि सोबत आईचे गुडघे. शनिवारी जाऊ नका, फार गर्दी.