सिस्टरना पाच स्टार, बिलिंगला एक (तो पण जड हाताने)

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण बिलिंगवाल्यांना शिव्या घालायच्यात आणि मला तिथेच परत जायचंय. पुण्यातलं आहे एवढंच.

मला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदू-मज्जारज्जूवर हल्ला करते तो आजार) आहे, दर सहा महिन्यांनी सलाईनमधून रितुक्सिमॅब हे औषध. एमएसच्याच ओक्रेलिझुमॅब या दुसऱ्या औषधाचा खर्च ऐकून नवरा दोन मिनिटं गप्पच झाला, मग डॉक्टरच म्हणाले की आपल्याकडे बऱ्याच एमएसवाल्यांना रितुक्सिमॅबच देतात, लेबलवर एमएस लिहिलेलं नसलं तरी.

पहिला डोस दुसरीकडे घेतला होता. चकाचक रूम, मोठा टीव्ही, पण सलाईन लावून सिस्टर जी गेली ती गेलीच. तासाभराने घसा आतून खाजायला लागला, मग कान, मला वाटलं एसीमुळे असेल म्हणून गप्प बसले (बावळटपणा माझाच), आणि मग अशी हुडहुडी भरली की दात वाजायला लागले, ताप 102, उजवा पाय लाकडासारखा, डोळ्यापुढे धुरकट, म्हटलं झालं, एमएसचा नवीन अटॅक आला. रडून गोंधळ घातला नुसता. ताप उतरला तसा पाय पण सुटला पण का ते कोणी सांगितलंच नाही.

ते इथल्या सिस्टरनी सांगितलं. अंग तापलं की एमएसमध्ये जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात. आणि पहिल्याच डोसला जास्त त्रास का, तर तेव्हा बी पेशी (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, हे औषध त्यांनाच मारतं) भरपूर असतात, औषधाने त्या एकदम फुटल्या की थंडीताप येतो. हे कळल्यावर अर्धी भीती गेली माझी.

इथे आधी पॅरासिटामॉल, एव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि 100 मिग्रॅ मिथाइलप्रेड (स्टिरॉइड) देतात, मग अर्धा तास थांबवतात. औषध पंपावर, तासाला 50 मिग्रॅने सुरू, दर अर्ध्या तासाला 50 वाढवणार ते पण बीपी, पल्स, ताप बघूनच. इथल्या पहिल्या वेळी 150 ला परत घसा खवखवला, यावेळी लगेच बेल दाबली. सिस्टर अक्षरशः धावत आल्या, पंप बंद, परत एव्हिल, डॉक्टर येऊन छाती तपासून गेले, आणि खाज पूर्ण गेल्यावर निम्म्या स्पीडने सुरू. सकाळी नऊला गेलेली संध्याकाळी सहाला सुटले पण हुडहुडी नाही, ताप नाही. श्वास लागला किंवा चक्कर आली तर एक सेकंद पण थांबू नका असं त्यांनी तीनदा बजावलं. घरी गेल्यावर पण 24 तास लक्ष ठेवायचं.

स्टिरॉइडने रात्री झोप नाही, तोंड कडू, चेहरा टोमॅटो, दोन दिवस चालायचंच.

आता रडगाणं. बाथरूम कॉरिडॉरच्या टोकाला, ब्लॅडरचा प्रॉब्लेम असलेल्या माणसाने सलाईनचा स्टँड ढकलत तिथवर पळायचं म्हणजे काय ते डिझाईन करणाऱ्याने एकदा करून बघावं. सोबतच्या माणसाला प्लॅस्टिकचं स्टूल, आईची कंबर गेली. आणि कॅशलेसचं अप्रूव्हल आलेलं असताना बिलिंग काउंटरवर दीड तास, वर "मॅडम, तुम्ही पेशंट आहात का, वाटत नाही."

कँटीनची साबुदाण्याची खिचडी मात्र चांगली आहे. शाल न्या, आणि खिडकीजवळची तीन नंबरची खुर्ची मागा, तिथून बाथरूम त्यातल्या त्यात जवळ पडतं.