रत्नागिरीतील पीएचपीचा वर्ग: डेटा टाइप पक्के, लेखनशिस्त कच्ची

होमस्टेची नोंदणी किंवा हापूसच्या पेट्यांची मागणी घेणारे संकेतस्थळ स्वतः सांभाळू इच्छिणाऱ्यांसाठी रत्नागिरीत संध्याकाळी पीएचपी या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रोग्रामिंग भाषेचा एक प्राथमिक वर्ग चालतो. तो मी नुकताच पूर्ण केला.

या वर्गाचे खरे बळ डेटा टाइपच्या, म्हणजे माहितीच्या प्रकारांच्या, धड्यांत आहे. इंटिजर (पूर्णांक), फ्लोट (दशांश संख्या), स्ट्रिंग (मजकूर), बूलियन (खरे किंवा खोटे) यांच्या व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी शिक्षकांनी जिल्ह्यातले एसटीडी कोड फळ्यावर मांडले. रत्नागिरीचा ०२३५२ हा कोड अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर सुरुवातीच्या शून्यामुळे पीएचपी ती अष्टमान (फक्त ० ते ७ हे अंक असलेल्या) पद्धतीतील संख्या धरते आणि व्हेरिएबलमध्ये, म्हणजे मूल्य साठवायच्या नावात, मुकाट्याने १२५८ साठवते. दापोलीचा ०२३५८ तसाच लिहिला, तर मात्र प्रोग्राम सुरूच होत नाही, कारण अष्टमानात ८ हा अंक नसतो. या दोहोंत रत्नागिरीची चूक अधिक घातक आहे, कारण ग्राहकाला फोन लावायची वेळ येईपर्यंत ती कुणाच्या लक्षातच येत नाही. ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करायची नसते ते स्ट्रिंग म्हणूनच ठेवावेत, हे इतक्या नेमकेपणाने समजावलेले मी पूर्वी पाहिले नव्हते.

रकमेबाबतही असाच काटेकोरपणा दिसला. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ शी तंतोतंत जुळत नाही, म्हणून पेटीचा दर रुपयांऐवजी पैशांत, इंटिजर म्हणून साठवायला शिकवले. दोन बरोबर-चिन्हांच्या तुलनेत शून्य आणि ‘हापूस’ ही स्ट्रिंग पूर्वी समान ठरत असे, २०२० मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून ती तशी ठरत नाही. तरीही टाइपसकट तुलना करणारी तीन चिन्हेच वापरावीत, हा आग्रह योग्य आहे.

कोडच्या लेखनशिस्तीचा भाग मात्र निराशाजनक आहे. २०१९ मध्ये स्वीकारलेल्या पीएसआर-१२ या पीएचपी लेखनाच्या नियमावलीचा उल्लेख झाला, चार स्पेसचे इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) आणि क्लासचा महिरपी कंस नव्या ओळीवर हे नियम सांगितले गेले, परंतु वर्गात वाटलेल्या नमुन्यांतच टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ होती आणि एकच व्हेरिएबल दोन ठिकाणी दोन पद्धतींनी लिहिलेले होते. पीएचपीत व्हेरिएबलच्या नावातील लहान-मोठी अक्षरे वेगळी मानली जात असल्यामुळे अशी दोन नावे म्हणजे दोन स्वतंत्र व्हेरिएबल ठरतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा राहत नाही.

स्ट्रिक्ट टाइप्सची, म्हणजे डेटा टाइप काटेकोरपणे पाळायला लावणारी, घोषणा अगदी शेवटच्या तासाला आली, हेही खटकले. ती फाइलमधील पहिले विधान असावी लागते आणि त्या फाइलपुरतीच लागू होते, त्यामुळे तिची सवय पहिल्या फाइलपासूनच लागायला हवी.

डेटा टाइप मुळापासून समजून घ्यायचे असतील, तर या वर्गाला जरूर जावे. संचालकांनी पुढच्या तुकडीपूर्वी वाटायचे सर्व नमुने पीएचपी कोडस्निफर या लेखनशिस्त तपासणाऱ्या साधनातून तपासून घ्यावेत आणि ते साधन विद्यार्थ्यांच्या संगणकावरही बसवून द्यावे.