ॲक्रेलिक, जेल की प्रेस-ऑन? भाकरी थापणाऱ्या हातांवर काही महिने वापरून

लावल्या दिवशी कुठलीही कृत्रिम नखं छानच दिसतात. फोटोही छान येतात. खरा फरक दिसतो पंधरा दिवसांनी, कडा उचलायला लागल्या की, आणि त्याहून जास्त ती काढताना. म्हणून नखांचा प्रकार निवडताना पहिला प्रश्न किती टिकतील हा नको, निघतील कशी हा हवा.

प्रेस-ऑन (गोंदाने किंवा चिकटपट्टीने लावायची तयार प्लास्टिकची नखं) कोमट साबणाच्या पाण्यात थोडं तेल घालून १०-१५ मिनिटं बोटं बुडवली की सैल होतात. मग लाकडी काडी बाजूने सरकवायची, समोरून उचकटायचं नाही. ॲक्रेलिक (पावडर-लिक्विडचा गोळा नखावर पसरून घडवतात ते) आणि सॉफ्ट जेलच्या टिप (जेल म्हणजे दिव्याखाली सुकवायचा लेप) ॲसिटोनमध्ये मऊ पडतात. हार्ड जेल मात्र ॲसिटोनला दाद देत नाही. ते घासूनच काढावं लागतं, म्हणजे आपलं नख मशीन चालवणाऱ्या हाताच्या भरवशावर. तो हात सराईत नसेल तर हार्ड जेलच्या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

ॲसिटोनने काढायची रीत अशी: आधी लांबी कापून टाका, १०० किंवा १८० ग्रिटच्या फाईलने (ग्रिटचा आकडा लहान तितकी फाईल खरखरीत) वरची चमक पूर्ण घालवा (टॉप कोट, म्हणजे वरचा चमकदार थर, शाबूत राहिला तर ॲसिटोन आत शिरतच नाही), आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलीन लावा, शुद्ध ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉईल गुंडाळा. जेलला १५-२० मिनिटं, ॲक्रेलिकला अर्धा तास धरा. काडीने हलकेच ढकलून सुटलं नाही तर परत पाच मिनिटं गुंडाळायचं, खरवडायचं नाही. खरवडलं की आपल्या नखाचे थर सोबत निघतात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पातळ झालेलं नख पूर्ण बदलून यायला पाच-सहा महिने. हे सगळं गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून. ॲसिटोन चटकन पेट घेतं.

ॲक्रेलिक अर्धा तास भिजवूनही दगडासारखं राहिलं आणि लावताना डोकं उठेल इतका उग्र वास होता, तर त्यात एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट हे रसायन) असल्याची शंका घ्यावी. नखांसाठी चालतो तो ईएमए (इथाइल मेथाक्रिलेट). एमएमए स्वस्त पडतो. तो इतका कडक बसतो की नख दारात अडकलं तर ॲक्रेलिक तुटत नाही, खालचं नख उखडतं. अमेरिकेत १९७०च्या दशकातच त्यावर कारवाई झाली होती. पावडर-लिक्विडच्या बाटल्यांवर घटक लिहिलेले नसतील तर सरळ उठून यावं.

आता सोलापूरचं. इथे रोज ज्वारीची भाकरी थापायची असते आणि नखांची खरी परीक्षा परातीतच होते. गरम पाण्याने मळलेलं पीठ नखाखाली जाऊन बसतं आणि वाळलं की घट्ट धरतं. ते पिनेने किंवा सुरीच्या टोकाने काढू नका. तिथेच कड उचलली जाते आणि पुढच्या वेळी पाणी आत शिरतं. मऊ टूथब्रश, कोमट पाणी, बस्स. थापताना बोटं सपाट पडायला हवीत. बोटाच्या टोकापुढे २-३ मिलिमीटरपर्यंत लांबी असेल तर जमतं, त्यापुढे भाकरीला नखांच्या खुणा उठतात आणि कडेला चिरा पडतात. आकार गोल किंवा बदामी ठेवा. चौकोनी नखाचा कोपरा परातीच्या काठाला लागून आधी तुटतो. भाकरी हाताने उलटायची सवय असेल तर प्रेस-ऑन असताना उलथनं घ्या, कारण ते प्लास्टिक तव्याच्या आचेने वाकतं. हळदीने आणि शेंगाचटणीच्या तेलाने फिकट टॉप कोट पिवळा पडतो, तेव्हा न्यूड आणि दुधी रंग स्वयंपाकघरात टिकत नाहीत. मरून, गडद गुलाबी घ्या.

उन्हाळा ही वेगळी अडचण. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार असताना ॲक्रेलिकचा गोळा नखावर पसरायच्या आत आवळतो. मग वर गाठी आणि क्युटिकलपाशी (नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीपाशी) जाड कड. याउलट जेल पातळ होऊन कातडीवर वाहतं. सकाळची वेळ आणि एसी असलेली खोली मागून घ्या.

जेलची मोठी भीती कातडीचीच. न सुकलेलं जेल वारंवार कातडीला लागलं की ॲलर्जी होऊ शकते: बोटांना खाज, सूज, कधी पापण्यांवर पुरळ. एकदा झाली की सहसा जात नाही, आणि पुढे दातांच्या काही सिमेंटनेही ती जागी होऊ शकते. घरच्या किटमध्ये दिवा एका कंपनीचा नि जेल दुसऱ्याचं असलं की वरून कडक, आतून कच्चं राहतं. थर पातळ द्या. दिव्यात हात घातल्यावर चटका बसला तर दोन सेकंद बाहेर काढून परत घाला. जाड थर एकदम तापतो, म्हणून चटका बसतो. टीपीओ हा जेल दिव्यात सुकवायला लागणारा घटक युरोपीय संघाने सप्टेंबर २०२५पासून बंद केलाय. नवीन बाटली घेताना लेबल वाचा.

प्रेस-ऑन लोक हलक्यात घेतात, पण लग्न, डोहाळजेवण, गड्ड्याच्या यात्रेपुरतं हौस भागवायची असेल तर मी यालाच पहिला नंबर देते. मापात मात्र चूक नको. दोन मापांच्या मध्ये बोट असेल तर मोठं घेऊन बाजू घासा. लहान नख ताणून बसवलं की उडतं. हात धुवून कोरडे, क्युटिकल मागे, २४० ग्रिटने चमक घालवा, स्पिरिटने पुसा, मग गोंदाचा एक थेंब नखावर आणि एक प्लास्टिकच्या आत. क्युटिकलकडून तिरकं टेकवून खाली दाबा, ३० सेकंद धरा. मधे हवेचा बुडबुडा राहिला की तिथेच पाणी साठतं. दोन तास भांडी नाहीत. गोंदाने आठवडाभर, चिकटपट्टीने एखाद-दोन दिवस. मेंदी आधी, नखं नंतर.

सांडलेला गोंद सुती टॉवेलने पुसू नका. आपल्या गावात टॉवेल हाताशी असतोच, पण हा गोंद सुतावर पडला की एकदम तापतो, भाजण्याइतका. टिश्यू कागदही त्यातलाच. प्लास्टिकच्या तुकड्याने निपटून घ्या, कातडीवरचा ॲसिटोनने.

ॲक्रेलिक घ्यायचंच तर दर दोन-तीन आठवड्यांचं रिफिल (नख वाढून मुळाशी पडलेली जागा भरणं) आणि शेवटी काढण्याचा खर्च आधीच विचारून घ्या, नुसता लावण्याचा दर ऐकून भुलू नका. नर्सिंगमध्ये असाल तर कुठलीच नखं नकोत. रुग्णाला हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं घालू नयेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मधुमेह किंवा नखांना बुरशी असेल तर आधी डॉक्टर.

कड उचललेली दिसली की वरून गोंद ओतून दाबायची नाही. आत ओल कोंडते, आणि स्यूडोमोनास जिवाणू वाढून नखावर हिरवट डाग पडतो. असा डाग दिसला तर नख काढून टाका, खालचं कोरडं ठेवा, डाग वाढून जाईपर्यंत त्या बोटावर दुसरं चढवू नका. दुखत असेल, सूज असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.