४८५ डॉलरची 'ओरिजिनल' विली नेल्सन निघाली रीइश्यू

आधीच सांगतो, ओटीपी सांगून खातं रिकामं करून घेणाऱ्यातला मी नाही. अनोळखी लिंक उघडत नाही, "तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय" म्हणणाऱ्याला मराठीत चार शब्द ऐकवून फोन ठेवतो. तरी माझे ५५९ डॉलर ५० सेंट गेले. रुपयांत सत्तेचाळीस हजारांच्या वर. आणि कशापायी, तर ज्या रेकॉर्डची रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा छापलेली आवृत्ती, कुठल्याही दुकानात पंचवीस-तीस डॉलरला नवी कोरी मिळते तिच्यापायी. बायकोला ४८५ चा आकडा माहितीये, पूर्ण नाही, तेव्हा डॅलसमधल्या ओळखीच्या मंडळींनी हे वाचून घरी फोन करू नये ही विनंती.

रेकॉर्ड म्हणजे अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनची 'रेड हेडेड स्ट्रेंजर', १९७५ ची. कंट्री ऐकणाऱ्यांना तिची महती सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात: कंट्रीची राजधानी नॅशव्हिलला कंटाळून टेक्सासात परत आलेला माणूस, कोलंबिया कंपनीबरोबर नवा करार, आणि त्याने करून काय दिलं तर गिटार, बहीण बॉबीचा पियानो, मिकी राफाएलचा माउथ ऑर्गन, बाकी जवळजवळ काही नाही. कंपनीच्या साहेबांना वाटलं हा नुसता डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, आहे. त्याच रेकॉर्डमधल्या 'ब्लू आइज क्रायिंग इन द रेन'ने त्याला गायक म्हणून कंट्रीतला पहिला नंबर वन मिळवून दिला. रेकॉर्डिंग झालं गारलंडला, म्हणजे इथेच, डॅलसला लागून. मी रोज ऑफिसला जाता-येता तेच गाव ओलांडतो म्हणून तर पहिल्या प्रेसिंगची, म्हणजे अगदी पहिल्या छपाईतल्या कॉपीची, हौस. अख्खा अल्बम चार हजार डॉलरच्या आसपास झाला म्हणतात, मी एका कॉपीला ५५९ घातले.

जाहिरात अशी होती: १९७५ चं पहिलं प्रेसिंग, कव्हरवर विलीची सही, १९७६ च्या चार जुलैच्या पिकनिकला, म्हणजे विलीच्या जलशाला, टेक्सासातल्या गोन्झालेसमध्ये काकांनी स्वतः घेतलेली, काका गेले, घर रिकामं करतोय. आता विलीची १९७६ ची पिकनिक गोन्झालेसलाच झाली होती, हे खरं आहे, मी तपासलं होतं! या लोकांची हीच तर खुबी, नव्वद टक्के गोष्ट खरी ठेवतात, तपासणाऱ्याला तपासल्याचं समाधान मिळतं आणि तो तिथेच थांबतो. शिवाय विलीचा जन्म १९३३ चा, वय नव्वदीच्या पुढे, सहीवाल्या वस्तूंचे भाव आता वरच जाणार असं प्रत्येकाच्या डोक्यात असतंच, त्या घाईवर यांचं पोट चालतं.

फोटो चार. पुढचं कव्हर, सहीचा क्लोजअप, तबकडीचं लेबल, मागचं कव्हर. लेबलवर केसी ३३४८२, म्हणजे पहिल्या प्रेसिंगचाच नंबर, बरोब्बर. (तो फोटो दुसऱ्याच कुणाच्या जुन्या जाहिरातीतून उचललेला होता, नंतर सापडला. इमेज सर्च आधी करा, पैसे नंतर.) आणि मागच्या कव्हरच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात एक मोठा पिवळा प्राइस स्टिकर, आणि खाली बारीक छपाईच्या ओळीवर विकणाऱ्याचा अंगठा.

हा फोटो मी किती वेळ बघत बसलो होतो ते आठवलं की अजून अंगाची आग होते. स्टिकर दिसला आणि मला काय वाटलं, तर "अरे वा, जुन्या दुकानाचा स्टिकरसुद्धा शाबूत आहे"! झूम करून त्यावरची किंमत वाचली. स्टिकर नेमका तिथेच का, हा प्रश्न मनात आलाच नाही. रीइश्यूच्या कव्हरवर नेमका त्याच कोपऱ्यात बारकोड असतो. आणि १९७५ मध्ये रेकॉर्डच्या कव्हरवर बारकोड कुठला, अमेरिकेत दुकानात पहिली वस्तू बारकोडने स्कॅन झाली तीच १९७४ च्या जूनमध्ये, ओहायोतल्या एका सुपरमार्केटात, रेकॉर्डवर ते सर्रास दिसायला सत्तरचं दशक संपावं लागलं. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, हेच जास्त झोंबतं. पण समोर सही दिसत असताना कोपरे कोण बघतो? तुम्ही बघितले असते? बघितले असते तर अभिनंदन.

पैशाचं म्हणाल तर तो म्हणाला वेबसाइटवरून घेतलं तर कमिशनमुळे ५५० लावावे लागतील, थेट पाठवलेस तर ४८५. अधिक पोस्टेज १४.५०. मी 'फ्रेंड्स अँड फॅमिली'मधून, म्हणजे ॲपमधल्या ओळखीच्यांना पैसे पाठवायच्या पर्यायाने, पाठवले, कारण तसंच पाठव म्हणाला, आणि ६५ डॉलर वाचवायचे हा काही गुन्हा नाही. पण हे लक्षात ठेवा, त्या पर्यायाने पाठवलेल्या पैशाला खरेदीचं कसलंही संरक्षण नसतं, क्रेडिट कार्डने दिले असते तर निदान वाद तरी घालता आला असता. पैसे गेल्यावर मेसेज आला की सहीची वस्तू आहे, इन्शुरन्सशिवाय पाठवत नाही, ६० डॉलर द्या, पार्सल पोचल्यावर परत करतो. आता ४९९.५० त्याच्याकडे गेलेले, ६० साठी अडून बसणार होतो का मी? दिले.

पार्सल आलं. हो, आलं! पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला. हेअर ड्रायरने स्टिकर सोडवला, खाली बारकोड. अंगठ्याखालच्या जागेत बारीक अक्षरात सोनीचं नाव. सोनीने कोलंबियाचा धंदा विकत घेतला १९८८ मध्ये. म्हणजे विलीने १९७६ साली, गोन्झालेसच्या उन्हात उभं राहून, अजून छापलंच नव्हतं अशा कव्हरवर सही केली! आतल्या तबकडीवर तर लीगसीचं नाव, म्हणजे सोनीचा जुना माल नव्याने काढणारा विभाग. तबकडीवर गाणी संपल्यानंतर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते तिच्यावर कोरलेले नंबर असतात, जुन्या कोलंबियाच्या प्रेसिंगवर एका बाजूला एएल आणि दुसऱ्या बाजूला बीएलने सुरू होणारे. विकणाऱ्याकडून त्या पट्टीचा फोटो मागा, तिरप्या उजेडात काढलेला, आणि सोबत आजची तारीख लिहिलेला कागद. टाळाटाळ केली की विषय बंद.

त्याला विचारलं तर उत्तर आलं, "काकांकडून जशी मिळाली तशी दिली." मग ब्लॉक. ६० डॉलर अर्थातच गेले.

आता यंत्रणा. बँकेतली बाई फार गोड बोलली. पैसे तुम्हीच पाठवलेत ना, तुमचाच फोन, तुमचाच पासवर्ड? मग हा अनधिकृत व्यवहार नाही. म्हणजे चोराने परस्पर काढले असते तर मिळाले असते, फसवून माझ्याच हाताने काढवले म्हणून नाही! इथला कायदा खरंच तसा आहे, वाचून बघितला. पैसे पाठवायच्या ॲपवाल्यांचं चॅट म्हणजे रोबोट, तो तीन पर्याय देतो आणि तिन्ही मला लागू नाहीत. पोलिसांकडे गेलो तर काउंटरवरच्याने सगळं ऐकून विचारलं, "रेकॉर्ड मिळाली ना तुम्हाला?" मिळाली म्हटल्यावर पेनच खाली ठेवलं. वस्तू मिळाली म्हणजे दिवाणी वाद, आणि विकणारा टेनेसीचा, आमच्या हद्दीबाहेर. वर म्हणतो, "वाजते का नीट?" वाजते हो! उत्तम वाजते! रिकामा खोका आला असता तर गुन्हा झाला असता, खोटी वस्तू पाठवली तर मतभेद, असा हा न्याय. इथल्या केंद्र सरकारच्या वेबसाइटवर लांबलचक फॉर्म भरला, स्क्रीनशॉट जोडले, पोचपावतीत लिहिलंय की प्रत्येक तक्रारीला उत्तर मिळेलच असं नाही. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, टेक्सासात २०,००० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, पण समन्स कुणाला बजावणार, ज्या नावाने तो विकत होता त्या नावाचा माणूस पार्सलवरच्या पत्त्यावर राहतच नाही. या सगळ्यांचे पगार आमच्या टॅक्समधून जातात, बरं का.

सहीबरोबर आलेलं सर्टिफिकेट कुणीही घरच्या प्रिंटरवर काढू शकतं, त्याला शून्य किंमत द्या. आणि "काका गेले, घर रिकामं करतोय" वाचलं की काका कोण, कुठले, एवढं तरी विचाराच, मला त्या वेळी ते विचारणं असभ्य वाटलं होतं.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. वेगळं नाव, तेच चार फोटो, आता ५२५ डॉलर. त्या काउंटरवरच्या पोलिसानेच जाता जाता सांगितलं होतं की एकाच माणसाने अनेकांना फसवलंय असं दाखवता आलं तर कुणीतरी लक्ष घालेल. तेव्हा पिवळा स्टिकर आणि गोन्झालेसचे काका तुमच्याही वाट्याला आले असतील तर मला मेसेज करा, पैसे पाठवल्याच्या पावत्या सांभाळून ठेवा, आणि त्याच्याशी झालेलं चॅट तो ब्लॉक करायच्या आत सेव्ह करा.