मराठी माणसाला स्पॅनिश शिकवायला मधे इंग्रजी कशाला? पैसे भरून घेतलेल्या ॲपचा आठ महिन्यांचा अनुभव

वर्षाचे साडेतीन हजार भरलेल्या या ॲपला दुसऱ्या महिन्यात पाच तारे दिले होते. आठव्या महिन्यात तीनवर आणतो आहे. रोजचे धडे, गुण, साखळी हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर लिहीत नाही. तक्रार एकच आहे: प्रश्न इंग्रजीतून येतो.

भूतकाळाचे धडे येईपर्यंत हे खटकत नाही. तिथे मात्र गाडी रुतते. इंग्रजीतल्या एका 'प्लेड'साठी स्पॅनिशमध्ये दोन रूपं आहेत, 'हुगे' आणि 'हुगाबा'. कोणतं कुठे हे इंग्रजी वाक्यातल्या 'काल', 'लहानपणी' अशा शब्दांवरून ओळखायचं, आणि तो शब्द वाक्यात नसला की उत्तर चुकतं. मराठीत 'काल खेळलो' म्हणजे हुगे, 'लहानपणी खेळायचो' म्हणजे हुगाबा. संपलं. जो भेद आपल्या घरातलं पोर शाळेत जाण्याआधी बिनचूक करतं, तो ॲप आधी इंग्रजीत पुसतं आणि मग नियम म्हणून परत शिकवतं. पैसे त्याचे घेतं, राग त्याचा आहे.

दुसरं उदाहरण नागपूरकरांच्या कामाचं. 'मला संत्रं आवडतं' म्हणजे 'मे गुस्ता ला नारांहा', 'मला संत्री आवडतात' म्हणजे 'मे गुस्तान लास नारांहास'. क्रियापद संत्र्याप्रमाणे बदलतं, आवडणाऱ्याप्रमाणे नाही. दोन्ही भाषांत तसंच. इंग्रजीतून गेलं की 'मी'पासून सुरुवात होते आणि 'यो गुस्तो' ही ठरलेली चूक होते. (नारांहा हा शब्दही संस्कृत 'नारंग'पासूनच फारसी, अरबी असा फिरत तिकडे पोचला आहे.) तसाच माणसाआधी येणारा 'आ'. 'किल्ली शोधतो' हे 'बुस्को ला याबे', पण 'भावाला शोधतो' हे 'बुस्को आ मी एर्मानो'. तो 'आ' म्हणजे आपला 'ला'. किल्लीला नाही, भावाला आहे. ॲपमध्ये यासाठी अख्खा धडा खर्च होतो.

ग्राहक सेवेला हे सगळं लिहून पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, 'सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदला.' त्या यादीत मराठी नाही.

उपाय फुकटात आहे: अँकी, म्हणजे एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर अशी कार्डं करून रोज उजळणी करून घेणारं ॲप. संगणकावर आणि अँड्रॉइडवर पैसे लागत नाहीत. त्यात कार्डं घालायला एक्सेलमध्ये दोन रकाने करा, डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे स्पॅनिश. सुटा शब्द नको, वाक्यच हवं. फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणूनच साठवा. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात आणि मजकूर परत मिळत नाही. नवी कार्डं रोज २० येतात, ती ८ वर आणा. २० ठेवली तर महिनाभरात उजळणीच इतकी साचते की माणूस अँकी उघडणंच सोडतो. नामाचं कार्ड 'एल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) लावूनच करा. आपलं नपुंसकलिंग तिकडे नाही, त्यामुळे घर स्त्रीलिंगी आणि पुस्तक पुल्लिंगी हे पाठच करावं लागतं.

इथवर लिहिताना एक तारा द्यायचं ठरलं होतं. पण मराठी कार्डं हाताशी असली की तेच ॲप कामाचं होतं. त्यातले आवाज खऱ्या माणसांचे आहेत, हळू ऐकवण्याचं बटण आहे, आणि बर्डी ते खापरी मेट्रोत २० मिनिटं नुसतं ऐकण्यात फार चांगली जातात. एक तारा धड्यांना, दोन आवाजांना. उच्चाराच्या चाचणीला शून्य, कारण 'ताको'ला 'टाको' म्हटलं तरी हिरवी खूण येते. स्पॅनिश त आणि द दातांवरचे, म्हणजे आपलेच. ट ही इंग्रजीची सवय आहे. 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. दुसऱ्यातला र 'भर्रकन'मधल्यासारखा काढा.

मराठीही काही ठिकाणी दगा देते, ती कार्डं वेगळ्या रंगात ठेवा. 'संत्रं खाल्लं, पोळी खाल्ली' यात आपलं क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलतं; स्पॅनिशमध्ये मी काहीही खाल्लं तरी 'कोमी'. 'मला भूक लागली' यातला 'मला' बघून 'मे' लावू नका, तिथे 'तेंगो आंब्रे'. 'सेर' आणि 'एस्तार' या दोघांनाही आपण 'आहे' म्हणतो. कायमचं असेल तर 'सेर', तात्पुरतं असेल तर 'एस्तार' असा सोपा नियम ॲप देतं, तो टिकत नाही: माद्रिद स्पेनमध्ये कायमच आहे, तरी तिथे 'एस्तार'चं 'एस्ता'.

वर्गणी आपोआप कापली जाऊ नये म्हणून यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेमधून परवानगी रद्द करा. फोनवरून नुसतं ॲप काढल्याने ती रद्द होत नाही. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, ती आल्या आल्या हे करायचं.

वाचलेल्या पैशांत ऑनलाइन शिक्षकाचे तास घ्या. मेक्सिको सिटीतल्या शिक्षकाची रात्री ८ ची वेळ म्हणजे नागपूरला दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात, ऑफिसच्या आधी जमतं. पहिला तास 'किएरो के बेंगास'वर लावा. इंग्रजीतून शिकणारे इथे महिनोन्‌महिने अडतात. कार्डावर लिहायचं एवढंच: 'तू यावंस असं मला वाटतं.'